दसऱ्याआधीची ओपीडी

सकाळी ७.३०

ओपीडी उघडायच्या आधीचा अर्धा तास मी कोणाला देत नाही. या वेळात दिवसभराचं ॲसिड तयार करायचं असतं. बायकांशी बोलताना आम्ही त्याला व्हिनेगर म्हणतो. पंचाण्णव मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर मोजून घ्यायचं आणि त्यात पाच मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड हळूहळू सोडायचं. ते ॲसिड तसंच लागलं तर भाजतं. म्हणून मी मोजते तेव्हा सिस्टर शेजारी उभ्या राहून बघतात आणि सिस्टर मोजतात तेव्हा मी. बाटलीवर आजची तारीख घातली. कालचं उरलेलं ओतून दिलं.

ट्रेमध्ये स्पेक्युलम, कापसाचे बोळे, काचपट्ट्या, पोटॅशियम हायड्रॉक्साइडची ड्रॉपर लावलेली बाटली आणि पीएचच्या पट्ट्यांचं चपटं पाकीट. सगळ्या सामानात स्वस्त या पट्ट्याच, पण दिवसभर मला त्यांचाच आधार असतो.

सकाळी ८.३०

बाहेरच्या बाकड्यांवर पंधरा-वीस बायका बसल्यात. घटस्थापना चार दिवसांवर आली आहे. दसरा उलटला की गावागावांत मुकादमाचे ट्रक लागतील आणि बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं कुलूप घालून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊस तोडायला निघतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली असते. एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जातात. पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या आणि उसाच्या पाचटात कुठे आडोसा मिळेल तिथे पाळीचं कापड बदलायचं. आता गेलेली बाई गुढीपाडव्याच्या आसपास परत येते. त्यामुळे जे तपासायचं ते याच दोन-तीन आठवड्यांत.

खरं दुखणं त्या सुरुवातीला सांगत नाहीत. आधी कंबर दुखते, मग चक्कर येते, मग अशक्तपणा. उठताना दाराकडे एकदा बघून आवाज खाली जातो, ‘मॅडम, अंगावरून जातंय.’ कोणी धुपणी म्हणतं, कोणी पांढरं पाणी. हे वाक्य येईपर्यंत मी प्रिस्क्रिप्शन लिहायला घेत नाही.

सकाळी ९.१०

वय २८, दोन लेकरं, दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सोनोग्राफीची फाइल. ‘पिशवीला सूज हाय म्हनले. पांढरं असंच जात राहिलं तर कॅन्सर होतो म्हनले. काढून टाका म्हनले.’

‘आतून तपासलं का तिथे?’

‘न्हाई. मशीनवर बघितलं पोटावरून.’

ऑपरेशनच्या पैशांसाठी मुकादमाकडून जास्तीची उचल घेणार आहेत. सासूबाई म्हणतात, एकदाची काढली की पाळीची कटकट जाईल, खाडेही पडणार नाहीत.

मी तिला टेबलावर घेते. पातळ, करडट पांढरा स्राव आतल्या भिंतीवर रंगाचा हात फिरवल्यासारखा सगळीकडे सारखा पसरलेला. गर्भाशयाचं मुख गुलाबी, नितळ. स्रावाचा थेंब पट्टीवर टेकवला. निरोगी बाईची पट्टी पिवळीच राहते, म्हणजे आंबटपणा शाबूत असतो, पीएच ४.५ च्या खाली. हिची पट्टी बघता बघता हिरवट झाली. दुसरा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर हायड्रॉक्साइड टाकलं आणि क्षणात मासळीसारखा वास आला. सिस्टरांनी कागदावर दोन खुणा केल्या. तिसरी खूण स्रावाच्या रूपाची होतीच. चौथी सूक्ष्मदर्शकाखाली.

या चार खुणा १९८३ मध्ये आम्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवल्या. चारपैकी तीन जुळल्या की निदान पक्कं, बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यासाठी मोठं यंत्र लागत नाही. डॉक्टरनं खुर्चीतून उठून टेबलापर्यंत यावं लागतं, एवढंच.

सकाळी १०.००

प्रयोगशाळेत टेक्निशियन भाऊंनी स्लाइड फोकस करून ठेवली होती. पेशी दिसली की मला दर वेळी भाकरी आठवते. निरोगी पेशीची कड सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ असते. हिच्या पेशीच्या कडा पीठ चिकटलेल्या भाकरीसारख्या, बारीक जिवाणूंच्या दाण्यांनी बुजलेल्या. यालाच क्लू सेल म्हणतात. आजूबाजूला लॅक्टोबॅसिलसच्या लांबट काड्या दिसायला हव्या होत्या. शोधून एखादीच सापडली.

या काड्या डॉडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्येच टिपल्या होत्या. योनीच्या पेशींतल्या साखरेपासून त्या लॅक्टिक आम्ल बनवतात. त्या आंबटपणात बाकीचे जिवाणू फोफावत नाहीत. काड्या कमी झाल्या की गार्डनेरेला, प्रिव्होटेला असे अनेक जिवाणू एकदम वाढतात आणि एकमेकांना धरून भिंतीवर चिकट थर धरतात. त्यांच्यातले काही जण सायलिडेज नावाचं विकर सोडतात. गर्भाशयाच्या मुखावर चिकट श्लेष्माचं जे पांघरूण असतं, ते त्यानं झिजतं. पांघरूण विरलं, आंबटपणा गेला आणि खाली हलकी जळजळ सुरू राहिली की ह्यूमन पॅपिलोमा विषाणूला, म्हणजे एचपीव्हीला, तिथे टिकून राहणं सोपं जातं. पांढऱ्या पाण्याचा आणि कर्करोगाच्या आधीच्या बदलांचा जो काही संबंध आहे, तो इथून सुरू होतो.

सकाळी १०.४५

त्याच बाईची व्हीआयए, म्हणजे ॲसिड लावून मुख नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणीही आजच करायची. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी तिशीनंतर सुरू होते. पण हिला कॅन्सरची भीती घालून पाठवलंय आणि तिची समजूत नुसत्या शब्दांनी पटणार नाही. मुखावरचा स्राव बोळ्यानं हलक्या हातानं टिपला, सकाळचं ॲसिड लावलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट थांबायचं.

या एका मिनिटात कोणीच काही बोलत नाही. बाई छताकडे बघते. सिस्टर टॉर्च धरून उभ्या. मुखावर कर्करोगपूर्व बदल असले तर तेवढी जागा पांढरी पडते, चुन्याचं बोट ओढल्यासारखी, ठळक काठाची. नुसता दाह असला तर फिकट, विस्कटलेला, काठ नसलेला पांढरेपणा येतो आणि लवकर विरतो. हा फरक डोळ्यांत बसायला मला दोन वर्षं लागली.

मिनिट झालं. मुख गुलाबीच. टॉर्चच्या उजेडात मी मोबाइलवर फोटो काढला, तिला दाखवला आणि लगेच पुसला. स्वतःचा हा भाग तिनं जन्मात कधी पाहिला नव्हता. तिनं विचारलं, ‘हीच का पिशवी?’ म्हटलं, ‘पिशवीचं तोंड. आणि चांगलं आहे.’

मेट्रोनिडॅझोल, दिवसातून दोनदा, सात दिवस. आत साबण, डेटॉल काही घालायचं नाही. आतला आंबटपणा हीच तिथली राखण आहे, धुऊन धुऊन तीच निघून जाते. तिनं विचारलं, दही लावू का? नको. दह्यातले जिवाणू वेगळे, तिथले वेगळे. नाव मिळतंजुळतं असलं तरी ते तिथे मुक्काम करत नाहीत.

जाताना फाइल पुढे करून म्हणाली, ‘यावर लिहून द्या. मराठीत. सासूबाईला दाखवते.’ मी लिहिलं: पिशवी काढण्याची गरज नाही. खाली सही आणि शिक्का.

दुपारी १२.१०

वय ३६. पिशवी दहा वर्षांपूर्वीच काढलेली. तक्रार काय, तर अंगावरून जातंय.

मी पट्टी लावली. हिरवी. वासही तोच. जिवाणू योनीत असतात, पिशवी गेली तरी ते जात नाहीत. त्या वेळी बीजकोशही काढले होते का, हे तिच्या कागदांवर नाही. पण सव्विसाव्या वर्षी ऑपरेशन झालं आणि तिशीच्या आत अंगातून गरम वाफा, हाडं दुखणं, रात्रीची झोप जाणं सुरू झालं, यावरून अंदाज येतो. ‘पांढरं जाईल म्हणून काढली. साठ हजार लागले. दोन हंगाम फेडले. अन् पांढरं जातंच हाय.’

आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. हिशेब सांगावा तसं सांगितलं.

२०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीसमोर बीडच्या ऊसतोड महिलांची जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. हा आकडा मी अनेक सभांमध्ये सांगितला आहे. आज त्यातली एक माझ्यासमोर बसली होती आणि तिच्यावर दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवा होता, तो सात दिवसांच्या गोळ्यांचा उपचार मी आज लिहून देत होते.

दुपारी १.४५

डबे उघडले. बंधपत्रावर नव्यानं आलेल्या डॉक्टर मुलीनं सकाळपासून मनात धरलेलं विचारलं, ‘मॅडम, पण तो बाहेरचा डॉक्टर अगदीच खोटं बोलला का? संबंध तर आहेच ना?’

प्रश्न बरोबर होता, म्हणून जेवण बाजूला ठेवून बोलले. संबंध आहे. २०१२ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा व्हजायनोसिस असलेल्या बायकांमध्ये कर्करोगपूर्व बदलांची शक्यता साधारण दीडपट दिसली. नंतरच्या अशाच मांडणीत जिवाणूंचा तोल बिघडलेल्या बायकांमध्ये गंभीर बदलांचा आणि कर्करोगाचा धोका साधारण दुपटीच्या घरात आला. लंडनमध्ये सीआयएन २, म्हणजे मध्यम दर्जाचे बदल असलेल्या ८७ तरुणींना उपचार न करता दोन वर्षं नजरेखाली ठेवलं. त्यांचा अभ्यास २०२० मध्ये आला. ज्यांच्यात लॅक्टोबॅसिलसचं राज्य होतं, त्यांचे बदल वर्षभरात आपोआप मागे हटण्याचं प्रमाण जास्त होतं.

‘पण,’ मी म्हटलं, ‘दुप्पट म्हणजे कितीची दुप्पट, हे आधी विचारायचं. लहान आकडा दुप्पट झाला तरी लहानच राहतो. शिवाय गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं मूळ कारण एचपीव्ही. ते दाखवल्याबद्दल हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. हा विषाणूसुद्धा बहुतेक जणींच्या शरीरातून दीड-दोन वर्षांत निघून जातो. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो, आणि तिथूनही कर्करोगापर्यंत जायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. जिवाणूंचा बिघाड त्याला ठाण मांडायला हात देतो, असं दिसतं. विषाणू आधी येऊन तोल बिघडवतो की बिघडलेल्या जागी विषाणू रुजतो, हे अजून सुटलेलं नाही. व्हजायनोसिस बरा केला की कर्करोग टळतो, असंही अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.’

‘मग पांढरं पाणी बघून काय समजायचं?’

‘हेच, की ही बाई तपासणीच्या टेबलापर्यंत आली. तिला बघितल्याशिवाय परत पाठवायचं नाही.’

मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी असं करत नव्हते. पांढरं पाणी म्हटलं की न तपासता हिरवं किट हातात द्यायचं. सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल, झालं काम. किटमध्ये वाईट काही नाही, अनेक जणींना त्यानं बरं वाटतं. पण मी ज्यांच्याकडे बघितलंच नाही, त्यांच्यातल्या किती जणी पुढे ‘मशीनवर’ बघणाऱ्याकडे गेल्या असतील, हा विचार मला सोडत नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो कागद मी शिकत असताना वाचला होता. कळला इथे येऊन.

दुपारी ३.००

गेल्या महिन्यात व्हीआयए पॉझिटिव्ह आलेली बाई. वय ३९. तिच्या मुखावर तेव्हा खरोखर चुन्याचं बोट ओढलेलं दिसलं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी कॉल्पोस्कोपी झाली, म्हणजे मुख भिंगातून मोठं करून बघितलं, तुकडा तपासला. आज रिपोर्ट आला, सीआयएन २.

सोबत बहीण आहे. मी दार लावलं. ‘हा कॅन्सर नाही. कॅन्सरच्या बऱ्याच आधीची पायरी आहे. यातले निम्म्याच्या आसपास बदल दोन वर्षांत स्वतःहून मागे फिरतात. पण आपण वाट बघायची नाही. तुमचं वय आहे, तुम्ही हंगामाला जाणार, तपासणीला दर सहा महिन्यांनी येणं जमणार नाही. मुखाचा तेवढाच भाग उपचारानं काढायचा. त्याच दिवशी घरी.’

‘पिशवी?’

‘पिशवी जागेवर राहणार.’

बहिणीनं विचारलं, ‘हिला लई वर्सं पांढरं जायचं. त्याच्यानंच झालं का? अंगावर काढलं म्हनून?’

असा प्रश्न आला की मी सावकाश बोलते, कारण उत्तरातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर बाई जन्मभर स्वतःला दोष देत बसते. म्हटलं, ‘त्याच्यानं झालं, असं नाही. हे एका विषाणूनं होतं. पांढऱ्यानं त्या विषाणूला थोडी मदत झाली असेल, नसेलही. तुमची चूक काहीच नाही. तुम्ही आलात, हे बरोबर केलं.’

शेजारच्या धाराशिवमध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या लोकांनी लाखाहून अधिक बायकांना घेऊन एक मोठा अभ्यास केला. २००९ मध्ये तो छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या बायकांच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभर तो दाखला दिला जातो. तो ज्यांच्या शरीरावरून निघाला, त्या या दोघींच्याच मावश्या-आत्या. आपल्या देशात अजून वर्षाला सव्वा लाखाच्या वर बायकांना हा कर्करोग होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास दगावतात. वेळेवर बघितलं तर जवळजवळ सगळा टळणारा हा रोग आहे. बहिणींना उपचारासाठी मंगळवारची तारीख मिळाली. रुग्णवाहिकेच्या चालकदादांना नाव दिलं.

दुपारी ४.२०

सकाळच्या पहिल्या बाईचा नवरा मोटारसायकलवर टेकून झाडाखाली उभा होता. सिस्टर त्याला आत घेऊन आल्या. पुरुष या खोलीत आले की नजर फरशीवर ठेवतात.

व्हजायनोसिसचं खरं दुखणं हेच, की तो परत येतो. गोळ्यांनी बरा होतो आणि वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना पुन्हा गाठतो. आम्ही वर्षानुवर्षं बाईलाच गोळ्या देत राहिलो. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास छापून आला. त्यात नवऱ्यालाही सात दिवस गोळ्या आणि लावायचं मलम दिलं. बारा आठवड्यांत आजार उलटण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ वर आलं. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधी थांबवला. ते वाचल्यापासून मी नवऱ्यांना आत बोलावते.

‘दादा, हे दुखणं एकटीचं नाही. औषध दोघांनी घ्यायचं. सात दिवस. आणि सात दिवस दारूला हात लावायचा नाही, या गोळीबरोबर चालत नाही.’

बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘म्हंजे ऑपरेशन न्हाई?’

‘नाही.’

‘मग उचल कशाला घ्यायची.’ हे तो मला म्हणाला नाही, बायकोकडे बघून म्हणाला. दोघं गोळ्यांच्या दोन पुड्या घेऊन गेले.

संध्याकाळी ५.४५

आठ किलोमीटरवरच्या गावात, मारुतीच्या पारामागच्या अंगणवाडीत आशाताईंनी बायका जमवल्यात. पस्तीस-चाळीस असतील. मी फळा घेतला, पिशवी काढली, मुख काढलं, कोणत्या वयाला तपासणी, पाच वर्षांतून एकदा यायचं, लेकींना लस, सगळं सांगितलं. माना हलत होत्या. पण मागच्या रांगेतली कुजबुज मला ओळखीची आहे. ‘काढून टाकली की कायमचं सुटतंय’ असं कोणीतरी म्हणत होतं.

तेव्हा भिंतीला टेकलेली एक बाई उठली. दुपारची छत्तीस वर्षांची. याच गावची आहे, हे मला माहीत नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘माजी काढलीय. दहा वर्सं झाली. पांढरं गेलं न्हाई. कंबर गेली, झोप गेली. ह्या मॅडमनी आज आतून बघितलं. त्याच्या आधी कुणी बगितलंच न्हवतं.’

एवढंच बोलून ती बसली. अंगणवाडीत पंखा फिरल्याचा आवाज येत होता. मी हातातला खडू ठेवला. मी फळ्यावर जे चित्र काढून सांगत होते, ते तिनं मोजक्या वाक्यांत सांगून टाकलं होतं.

रात्री ९.१५

घरी येऊन रजिस्टर पूर्ण करते. आज तपासल्या एकोणीस. व्हजायनोसिस सहा. व्हीआयए पॉझिटिव्ह एक, तिची चिठ्ठी जिल्ह्याला लिहिली. नवरे आत आले दोन. पिशवी काढायचा सल्ला घेऊन आलेल्या तीन, गरज असलेली एकही नाही.

आशाताईंचा फोन आला. उद्यासाठी गावातून अकरा नावं आहेत. पहिलं नाव त्या छत्तीस वर्षांच्या बाईनं दिलंय. तिच्या धाकट्या जावेचं. वय २४, तिलाही पिशवी काढायला सांगितलंय. तारीख सोमवारची ठरली होती. ती स्वतः घेऊन येणार आहे म्हणे.

मी पीएचच्या पट्ट्या मोजल्या. बावीस आहेत. उद्यापुरत्या पुरतील.